बहुरूपी यंत्राचा जनक

इ. स. १८९६ च्या अखेरीस ज्यूलियस ट्युरिंग नावाचा एक तरुण आय. सी. एस. अधिकारी मद्रास इलाख्यात दाखल झाला. बळ्ळारी, कर्नूल आणि विशाखापट्टणम् या जिल्ह्यांत साहाय्यक कलेक्टर व मॅजिस्ट्रेट म्हणून त्याने दहा वर्षे काढली. १९०७ साली रजेवर मायदेशी जाताना बोटीवर त्याची एथेल सारा स्टोनी या तरुणीशी ओळख झाली आणि त्याच वर्षी डब्लिनला दोघांचे लग्न झाले. साराचा जन्मही मद्रास इलाख्यातलाच. तिचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. तुंगभद्रेवरचा रेल्वेपूल त्यांनी बांधला, शिवाय आवाज न करणाऱ्या पंख्याच्या चाकाचे पेटंटही त्यांच्या नावावर होते. इलेक्ट्रॉन हा शब्द विज्ञानाला देणारा जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी हाही याच घराण्यातला.

या दांपत्याचा धाकटा मुलगा म्हणजे ॲलन ट्युरिंग. आपल्याकडचे विद्यार्थी त्याला ओळखतात ते महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडणारा म्हणून, अलीकडे एखादा चित्रपट पाहून. ती ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. माझ्या मते त्याचे खरे मोठेपण तो तेवीस वर्षांचा असताना लिहिलेल्या एका निबंधात आहे. गंमत अशी की, आमच्या संगणक प्रयोगशाळेत मुले रोज त्या निबंधातील कल्पना वापरतात आणि तिचे नाव कोणाचे हे त्यांना ठाऊक नसते. एका कंपनीच्या संगणकावर दुसऱ्याच कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम खिडकीत उघडून त्यात ती संख्याशास्त्राची गणिते सोडवत बसतात. ॲपलच्या यंत्रात विंडोज चालते याचे त्यांना नवल वाटत नाही. मला मात्र अजून वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांची नेमणूक त्या वेळी बंगालच्या उपसागराकाठी छत्रपूर येथे होती. हे गाव आज ओडिशात आहे. मद्रासकडची हवा मुलांना मानवणार नाही या काळजीने आईवडिलांनी दोन्ही मुलांना इंग्लंडातच, हेस्टिंग्जजवळ एका निवृत्त कर्नलच्या घरी ठेवले. ॲलन सव्वा वर्षाचा असताना आईदेखील पतीकडे हिंदुस्थानात परतली. त्या काळी साहेबाच्या नोकरीतली ही रीतच होती, पण रीत असली म्हणून लहान मुलाला ती जाचत नाही असे थोडेच आहे? आईवडील येत, राहत आणि जात. १९२४ मध्ये वडिलांनी नोकरी सोडेपर्यंत हे चालले.

मुलगा विचित्रच होता. दहा वर्षांचा असताना त्याला निसर्गातील चमत्कारांविषयीचे एक बालबोध पुस्तक मिळाले. मानवी शरीर हे एक यंत्रच आहे, फार गुंतागुंतीचे, पण यंत्रच, असे त्यात सांगितले होते. ते त्याच्या मनात घर करून राहिले. १९२६ च्या मे महिन्यात शेरबोर्न शाळेत दाखल व्हायच्या दिवशी इंग्लंडात सार्वत्रिक संप सुरू झाला आणि आगगाड्या बंद पडल्या. तेव्हा तेरा वर्षांचा ॲलन साउदॅम्प्टनहून सायकलवर निघाला आणि वाटेत एका खाणावळीत रात्र काढून साठ मैलांवरच्या शाळेत हजर झाला. शाळेने त्याचे कौतुक केले ते एवढेच. अक्षर गचाळ, इंग्रजी कच्चे, आणि गणितात रीत न दाखवता एकदम उत्तर लिहायची खोड, यामुळे शिक्षक त्रासलेले असत. परीक्षक म्हणून मी स्वतः अशा मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. गुण द्यावेत की कापावेत, हा प्रश्न पडतो खरा.

शाळेतच त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम हा मित्र भेटला. वयाने एक वर्षाने मोठा, विज्ञानात हुशार, आणि ॲलनच्या अगदी उलट म्हणजे टापटीप. दोघे ग्रहताऱ्यांवर, रसायनांवर तासन्‌तास बोलत. १९२९ च्या डिसेंबरात दोघांनी केंब्रिजची शिष्यवृत्ती परीक्षा बरोबर दिली. मॉरकॉमला ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली, ॲलनला मिळाली नाही. १३ फेब्रुवारी १९३० रोजी मॉरकॉम क्षयाने वारला. लहानपणी दूषित दुधातून त्याला तो रोग जडला होता.

ॲलनचे या मुलावर प्रेम होते. त्या प्रेमाला त्याच्या समाजात नाव घेण्याजोगे स्थान नव्हते, पण ते होते. तो मॉरकॉमच्या आईला पुढे कितीतरी वर्षे पत्रे लिहीत राहिला. शरीर गेल्यावर मन कुठे जाते, ते दुसऱ्या एखाद्या शरीराशी जोडले जाऊ शकते का, असे प्रश्न त्याने त्या काळी कागदावर मांडले आहेत. आपल्याकडे आत्म्याने जुने वस्त्र टाकून नवे धारण करण्याची कल्पना लहान पोरालाही ठाऊक असते. इंग्रज मुलाला ती वाट स्वतः चाचपडत शोधावी लागली आणि ती त्याला धर्माकडे न नेता गणिताकडे घेऊन गेली. मनाचा व्यवहार आणि तो ज्यात घडतो ते द्रव्य, यांची फारकत करता येईल काय? पुढे त्याने यंत्रांबाबत जे दाखवले त्याची बीजे मला इथे दिसतात. हा माझा तर्क आहे. कोणी न मानल्यास माझी तक्रार नाही.

१९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आला आणि १९३५ मध्ये, बाविसाव्या वर्षी, तेथे फेलो झाला. त्याच वर्षी मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांत त्याने जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांचा एक प्रश्न ऐकला. कोणतेही गणिती विधान सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे ठरवण्याची एखादी ठरावीक, यांत्रिक रीत असू शकते काय? बहुतेकांनी यांत्रिक हा शब्द अलंकारिक अर्थाने घेतला. ट्युरिंगने तो शब्दशः घेतला आणि यंत्र म्हणजे नेमके काय, असा प्रश्न स्वतःला विचारला. ग्रँटचेस्टरच्या कुरणात धावून दमल्यावर पडल्या पडल्या त्याला उत्तर सुचले.

ते उत्तर थोडक्यात असे. घराघरांची आखलेली एक लांबच लांब कागदी पट्टी घ्या. यंत्र एका वेळी एकच घर पाहते. घरात काय लिहिले आहे आणि आपण स्वतः कोणत्या अवस्थेत आहोत, एवढे पाहून ते एका कोष्टकाप्रमाणे वागते: घरातले चिन्ह खोडते किंवा लिहिते, एक घर डावीकडे वा उजवीकडे सरकते, आणि आपली अवस्था बदलते. बस्स. माणूस कागद-पेन्सिल घेऊन जे जे हिशेब रीतीने करू शकतो ते ते सगळे एवढ्याने होते. बेरजेला एक कोष्टक, गुणाकाराला दुसरे, वर्गमुळाला तिसरे. म्हणजे जितकी कामे तितकी यंत्रे.

इथपर्यंत कोणी दुसराही पोहोचला असता. पुढची पायरी मात्र अलौकिक आहे. यंत्राचे कोष्टक हेही शेवटी कागदावर लिहिलेली चिन्हेच. मग तेच पट्टीवर का लिहू नये? ट्युरिंगने असे एक यंत्र रचून दाखवले की, पट्टीवर दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे वर्णन लिहून दिले तर ते वाचून हे यंत्र त्या दुसऱ्याप्रमाणे हुबेहूब वागेल. याला त्याने सार्वत्रिक यंत्र म्हटले. मी वर्गात त्याला बहुरूपी म्हणतो. गावात येणारा बहुरूपी आज फौजदार होतो, उद्या वैद्य, परवा साधू. त्याचे हाडमांस तेच असते, बदलतो तो वेष आणि संवाद. वेष बदलायला त्याला नवा देह लागत नाही, तसे यंत्राला नवे काम करायला नवी चाके लागत नाहीत. यंत्राचे वर्णन ही एक लिहून ठेवता येणारी वस्तू आहे आणि यंत्र त्या वर्णनाचे नुसते वाचक आहे, हे १९३६ पूर्वी कोणी इतके स्वच्छ मांडले नव्हते.

याच बहुरूप्याच्या साहाय्याने त्याने हिल्बर्टच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले. अशी सार्वत्रिक रीत असू शकत नाही. अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी वेगळ्या मार्गाने तोच निष्कर्ष काही आठवडे आधी काढला होता. तेव्हा ट्युरिंगची निराशा झाली असणार. तथापि चर्चच्या मार्गात यंत्र नव्हते. निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या प्रती मागणारी पत्रे आली ती अवघी दोन. त्या वेळी तो प्रिन्स्टनला चर्च यांच्याकडे गेलेला होता. १९३८ मध्ये तेथे डॉक्टरेट मिळवून, फॉन नॉयमन यांनी देऊ केलेली साहाय्यकाची जागा नाकारून तो इंग्लंडला परतला.

युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, तो ब्लेचली पार्कमध्ये हजर झाला. जर्मन सैन्याचे एनिग्मा यंत्र संदेशातील अक्षरे अशी काही बदलत असे की, पाचांपैकी तीन चक्रे निवडणे, त्यांची सुरुवात आणि पुढची तारांची जोडणी धरून मांडणीचे प्रकार १५९ या आकड्यापुढे अठरा शून्ये द्यावीत इतके होत. यातील पहिले श्रेय पोलंडचे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. रेयेव्स्की, रुझित्स्की व झिगाल्स्की या तीन तरुण पोलिश गणितज्ञांनी १९३२ पासून एनिग्मा फोडले होते, आणि जुलै १९३९ मध्ये आपली सारी विद्या त्यांनी इंग्रज व फ्रेंचांच्या हवाली केली. चित्रपटांत त्यांच्या वाट्याला फार थोडे येते.

ट्युरिंगने पोलिश यंत्राहून वेगळ्या तत्त्वावर चालणारे बॉम्ब नावाचे यंत्र आखले. एनिग्मात कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी उमटत नसे. संदेशात एखादा नेहमीचा शब्दसमूह कुठे असेल, याचा अंदाज या दोषामुळे बांधता येई, आणि मग त्या अंदाजाशी विसंगत ठरणाऱ्या हजारो मांडण्या यंत्र भराभर बाद करी. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात मोठी सुधारणा केली. पहिले बॉम्ब मार्च १९४० मध्ये आले आणि युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. मला यात लक्ष वेधावेसे वाटते ते निराळ्याच गोष्टीकडे. नेहमीच्या एका बॉम्बमध्ये छत्तीस एनिग्मांची नक्कल एकाच वेळी फिरत असे. एका देशाने बनवलेल्या यंत्राचे वागणे दुसऱ्या देशाच्या यंत्राने अंगी आणायचे, हे लोखंडात आणि तारांत तिथे रोज घडत होते.

आरमारी एनिग्माचे काम सर्वांत अवघड म्हणून कोणी हात घालीत नव्हते. ते ट्युरिंगने उचलले. पुरवठ्याच्या बोटी बुडवणाऱ्या पाणबुड्यांचे संदेश त्यामुळे इंग्रजांच्या हाती येऊ लागले. त्याच्या विक्षिप्तपणाच्या कथाही याच काळातल्या. चहाचा पेला चोरीला जाऊ नये म्हणून साखळीने बांधून ठेवणे, फुलांच्या परागाने शिंका येत म्हणून विषारी वायूचा मुखवटा घालून सायकल चालवणे, आणि चांदीच्या लगडी जंगलात पुरून नंतर त्या स्वतःलाच न सापडणे! १९४१ मध्ये सहकारी जोन क्लार्क हिच्याशी त्याने लग्न ठरवले. आपला ओढा पुरुषांकडे आहे हे त्याने तिला स्वतःहून सांगितले आणि काही महिन्यांनी लग्न मोडले. मैत्री मात्र टिकली.

युद्धानंतर तो राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आला. १९३६ चे कागदावरचे यंत्र आता विजेवर उभे करायचे होते. १९४५ च्या अखेरीस त्याने ए. सी. ई. या संगणकाचा संपूर्ण आराखडा लिहिला, खर्चाचा अंदाज ११,२०० पौंड. त्याचे म्हणणे सरळ होते. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी यंत्रे बांधण्याची गरज नाही. एकच यंत्र बांधा आणि कामाप्रमाणे आज्ञा बदला. अभियंत्याचे काम कचेरीतल्या टेबलावर आले. १९४७ मध्ये लंडनच्या गणित मंडळापुढे बोलताना, दूर बसलेल्या माणसाला टेलिफोनच्या तारेवरून हे यंत्र वापरता येईल, असेही त्याने सांगितले. पण सरकारी कामाची गती आपणांस ठाऊक आहे, ती तिकडेही तशीच असते. कंटाळून तो धावण्याकडे वळला. १९४७ च्या मॅरेथॉनमध्ये त्याने २ तास ४६ मिनिटे ३ सेकंद अशी वेळ दिली. पुढच्या वर्षीचा ऑलिंपिक विजेता याहून सुमारे अकरा मिनिटांनीच वेगवान होता. ए. सी. ई. ची छोटी आवृत्ती १० मे १९५० रोजी चालली, तोवर ट्युरिंग मँचेस्टरला निघून गेला होता.

मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी विल्यम्स व किलबर्न यांच्या छोट्या यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेली आज्ञावली प्रथम चालवली होती. त्यावरून फेरँटी कंपनीने बांधलेला मोठा संगणक १९५१ च्या फेब्रुवारीत विद्यापीठात आला आणि त्याची माहितीपुस्तिका ट्युरिंगने लिहिली. पुस्तिका कसली, वाचणाऱ्याची परीक्षाच! बत्तीसच्या पायावरचे अंक, तेही उलट्या क्रमाने, आणि शून्याच्या जागी तिरकी रेघ. त्याला स्वतःला हे सोपे वाटे.

त्या वर्षी उन्हाळ्यात ख्रिस्तोफर स्ट्रॅची नावाचा एक शाळामास्तर तेथे आला. त्याला संगणकाकडून सोंगट्यांचा खेळ खेळवून घ्यायचा होता. ट्युरिंगने त्याला निराळेच काम सुचवले: या यंत्राने स्वतःचीच नक्कल करावी अशी आज्ञावली लिही. म्हणजे मँचेस्टरच्या संगणकाच्या आत, आज्ञांनी बनलेला दुसरा मँचेस्टरचा संगणक. आणि त्या आतल्यात एखादी आज्ञावली पावलापावलाने चालवून तिच्यातले दोष पाहायचे. स्ट्रॅचीने हजाराहून अधिक आज्ञांची आज्ञावली लिहून आणली आणि रात्रभर जागून चालवली. शेवटी यंत्राच्या भोंग्यातून इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजले. या मास्तराची पुढे थोर संगणकशास्त्रज्ञांत गणना झाली. १९५९ मध्ये एकच संगणक अनेक कामांत वेळ वाटून कसा चालवावा यावर त्याने महत्त्वाचा निबंध वाचला.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण या एका रात्रीतून आजच्या आपल्या प्रयोगशाळेतली खिडकी दिसते. एका यंत्रात दुसरे यंत्र चालवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली दुभाष्याची. मराठी आणि कन्नड यांच्या मधोमध राहणाऱ्या आपणांस ती समजावून सांगायला नको. साक्षीदार एका भाषेत बोलतो, न्यायाधीश दुसरी जाणतो, आणि दुभाषी वाक्यामागून वाक्य उलगडून सांगतो. काम चालते, पण वेळ दुप्पट लागतो. एका कंपनीचा प्रोसेसर एक आज्ञाभाषा जाणत असेल आणि आज्ञावली दुसऱ्या भाषेतली असेल, तर असा दुभाषी लागतो. १९६३ च्या अखेरीस हनीवेल कंपनीने आपले नवे यंत्र विकायला काढले तेच मुळी आय. बी. एम. च्या १४०१ या यंत्राचे काम त्यावर उतरवता येईल या आश्वासनावर. पुढे १९८८ साली सॉफ्टपीसी आणि १९९७ साली व्हर्च्युअल पीसी यांनी ॲपलच्या मॅकिन्टॉशवर दुभाष्याच्याच रीतीने आय. बी. एम. जातीचे संगणक उभे केले. चालत ते, पण बैलगाडीच्या गतीने.

दुसरी तऱ्हा वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंची. प्रोसेसरची भाषा दोघांनाही येत असेल तर दुभाष्याचे काय काम? बिऱ्हाडकरूने आपले व्यवहार थेट करावेत. फक्त विहीर, मुख्य दरवाजा आणि विजेचे मीटर यांना हात लावताना वाड्याच्या कारभाऱ्याने मध्ये पडावे, आणि प्रत्येकाला सगळा वाडा आपलाच आहे असे वाटू द्यावे. हा कारभारी प्रथम अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये (ट्युरिंगच्या नव्हे) आय. बी. एम. च्या केंद्रात १९६० च्या दशकात तयार झाला आणि १९७२ मध्ये व्ही. एम. ३७० या नावाने बाजारात आला. १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग यांनी अट लिहून ठेवली: सामाईक वस्तूंना हात लावणारी प्रत्येक आज्ञा कारभाऱ्याच्या नजरेस आलीच पाहिजे. इंटेलचे जुने प्रोसेसर या अटीत नापास होते. त्यांतल्या सतरा आज्ञा कारभाऱ्याला कळू न देता मागच्या दाराने विहिरीवर जात. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा आधीच हेरून बदलण्याची युक्ती काढली. २००५ पासून इंटेलने प्रोसेसरमध्येच सोय केली, आणि २००६ मध्ये ॲपलने इंटेलचे प्रोसेसर स्वीकारल्यावर मॅकवर विंडोज जवळजवळ पूर्ण वेगाने चालू लागले.

२०२० मध्ये ॲपलने पुन्हा स्वतःच्या घडणीचे, निराळ्या भाषेचे प्रोसेसर आणले. आता तेथे त्याच भाषेतली विंडोज बिऱ्हाडकरू म्हणून राहते, आणि इंटेलसाठी लिहिलेली जुनी आज्ञावली चालवायची तर त्या विंडोजच्या आतला दुभाषी जागा होतो. म्हणजे वाड्यात बिऱ्हाड आणि बिऱ्हाडात दुभाषी! मुले मला विचारतात की, इतक्या थरांखाली चाललेले गणित खरे कसे मानायचे? याचे उत्तर १९३६ च्या निबंधात आहे. वर्णन अचूक असेल तर उत्तर तेच येते. फरक पडतो तो वेळेचा आणि जागेचा. आणि हेही खरे की, मूळ यंत्राला जे अशक्य ते नकलेलाही अशक्यच. दिलेली आज्ञावली कधी थांबेल की नाही हे ओळखणारी सर्वसाधारण रीत कितीही थर चढवले तरी मिळणार नाही.

असो. १९५० मध्ये ट्युरिंगने यंत्र विचार करू शकेल काय यावर निबंध लिहिला. तेथेही कसोटी नकलेचीच आहे: पडद्याआडचे यंत्र संभाषणात माणसाची हुबेहूब नक्कल करील तर त्याला विचार नाही असे कोणत्या आधारावर म्हणणार? १९५१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १९५२ मध्ये प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके व पट्टे रसायनांच्या हालचालींतून कसे उमटत असतील, याची समीकरणे त्याने प्रसिद्ध केली. जीवशास्त्राचे लोक त्या निबंधाकडे आजही परतून जातात.

त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याच्या घरी चोरी झाली. ज्या तरुणाशी त्याचे संबंध होते त्याच्या ओळखीतल्याच एकाने ती केली होती. ट्युरिंग पोलिसांत गेला आणि चौकशीत त्याने आपले संबंध सरळ सांगून टाकले. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नव्हते. पोलिसांनी चोर बाजूला ठेवून फिर्यादीलाच आरोपी केले. १८८५ चा तो कायदा. त्यानेच १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्डला तुरुंगात धाडले होते. ३१ मार्च १९५२ रोजी ट्युरिंग दोषी ठरला. तुरुंग किंवा वर्षभर स्त्री-संप्रेरकांचा उपचार, यांतले त्याने दुसरे पत्करले, कारण तुरुंगात काम करता आले नसते. धावपटूच्या त्या शरीरात बदल होऊ लागले. सरकारच्या गुप्त कामातून त्याला वगळण्यात आले. ज्या देशासाठी त्याने काय केले हे त्याला कायद्याने बोलता येत नव्हते, त्या देशाच्या न्यायालयात बचावासाठीही त्याला ते सांगता आले नाही. मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत जास्त बोचते ते हे. आणि इंग्रजांना नावे ठेवताना आपणही जपून बोलावे. त्यांनीच १८६० मध्ये आपल्याला दिलेले ३७७ वे कलम आपण सत्तर वर्षांहून अधिक काळ स्वतंत्र भारतात जपले. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने काढले ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

७ जून १९५४ रोजी विल्म्स्लो येथील घरी त्याचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी कामवाली आली तेव्हा तो बिछान्यात मृत आढळला. कारण सायनाइड. शेजारी अर्धवट खाल्लेले सफरचंद होते. ते कोणी तपासले नाही. दोन दिवसांत चौकशी आटोपली आणि आत्महत्येचा निर्णय झाला. घरात तो विजेने मुलामा देण्याचे प्रयोग करीत असे आणि त्यासाठी सायनाइड लागे. त्यामुळे हा अपघात होता असे त्याच्या आईचे शेवटपर्यंत मत राहिले, आणि काही अभ्यासकही तसे मानतात. चावलेल्या सफरचंदाचे ॲपल कंपनीचे बोधचिन्ह त्याच्या स्मरणार्थ आहे, असे विद्यार्थी मोठ्या विश्वासाने सांगतात. चिन्ह काढणाऱ्या चित्रकाराने ते नाकारले आहे. कथा चांगली आहे, पण खरी नाही.

आईने १९५९ मध्ये त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. बाळ असताना ज्याला परक्यांच्या घरी ठेवून तिला मद्रासला यावे लागले, त्याच्या चाळीस-एक वर्षांच्या आयुष्याची कागदपत्रे तिने सत्तरी उलटल्यावर जमवली. युद्धात मुलाने काय केले ते सरकारी गुप्ततेमुळे तिलाही लिहिता येण्याजोगे नव्हते. ती गुप्तता उठू लागली १९७० च्या दशकात. २००९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी जाहीर क्षमा मागितली, २०१३ मध्ये राणीने मरणोत्तर माफी दिली, आणि २०१७ मध्ये त्याच कायद्याखाली शिक्षा झालेल्या इतर हजारो मृतांना माफी मिळाली. माफी कोणी कोणाला द्यायची, हा प्रश्न त्यांच्या नातेवाइकांनी विचारला तो रास्तच होता.

२३ जून २०२१ पासून ब्रिटनच्या पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. मागे १९३६ च्या निबंधातील कोष्टक छापले आहे, बॉम्ब यंत्राची आकृती आहे, आणि शेजारून एक कागदी पट्टी वळत गेली आहे. तिच्यावर केवळ शून्ये आणि एक आहेत. दिवस, महिना आणि वर्ष जोडून त्याची जन्मतारीख २३०६१९१२ अशी एक संख्या मानली आणि ती द्विमान पद्धतीत लिहिली, तर हे अंक येतात. ते पंचवीस होतात. ज्यांना पडताळा पाहायचा असेल त्यांनी दोनाने भागत जावे.